बासष्ट सह्या, दोन माणसं

खोडाळ्याच्या पुढं शेंडेपाड्याला एक निवासी शाळा आहे. पावणेतीनशे पोरं तिथं दोन वेळा जेवतात, आणि त्यांना जेवायला घालतात दोन बायका. हे आधी नीट ध्यानात घ्या. पुढचा सगळा गोंधळ झाला, तो हे ज्यांच्या ध्यानात नव्हतं त्यांच्यामुळं झाला.

एक गोजाबाई. वय छप्पन्न, आणि जीभ अशी की मुख्याध्यापकसुद्धा स्वयंपाकघरात शिरण्याआधी दारात खाकरून घेत. दुसरी काळी. गोजाबाईच्या निम्म्या वयाची, अंगावरचं पोर सासूजवळ ठेवून कामाला येणारी आणि कमी बोलणारी. गोजाबाईपुढं जास्त बोलायला जागाच कुठं उरायची!

भाताचा टोप चुलीवरून उतरवायचा तर दोघींनी दोन बाजूंच्या कड्या धरायच्या. गोजाबाईनं "हां" म्हणायचं, की टोप उचलला. भात वेळताना, म्हणजे पेज गाळून काढताना, एकीनं झाकण दाबायचं, दुसरीनं टोप कलता करायचा. पाणी उकळतं असतं. आठ वर्षांत दोघींपैकी एकीच्याही पायावर थेंब पडला नव्हता.

एका सोमवारी सकाळी मुख्याध्यापक दारात नेहमीपेक्षा जास्त खाकरले, तेव्हाच गोजाबाईनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्यांच्या हातात संस्थेचं पत्र होतं. ते त्यांनी उंबऱ्याच्या बाहेरूनच वाचलं. पुढच्या एक तारखेपासून शेंडेपाड्याच्या स्वयंपाकघरात एकच स्वयंपाकी राहील, दुसरी सूर्यमाळच्या नव्या वसतिगृहावर जाईल. बाकीच्या शाळांचंही टप्प्याटप्प्यानं असंच होईल. आणि शेवटची ओळ, "सदर निर्णय कर्मचारी संघटनेच्या संमतीने घेण्यात आला आहे."

"संमतीनं?" गोजाबाईनं उलथणं खाली ठेवलं. "कुणाच्या संमतीनं? माझी घेतली? हिची घेतली? का टोपाला जाऊन विचारलं?"

"मला माहीत नाही बाई. मी फक्त वाचून दाखवतोय."

"मंग वाचून झालं असंल तर जावा. डाळ करपंल."

मुख्याध्यापक गेले. काळी भांड्यांच्या घमेल्याजवळ बसली ती उठेचना.

"काकी, सूर्यमाळला जायचं तर तिथंच राहाय लागंल. सकाळी कामाला पोचवील अशी गाडीच नाय तिकडं. पोर अजून दूध पितंय. मी कामच सोडते."

"सोडते म्हणं! आठ वर्षं मी तुला भात वेळाया शिकवलं, ते काय घरी बसाया? तू गेलीस तर हा टोप मी काय दातानं उचलू? गप ऱ्हा. हे त्या भास्कराचं काम हाय. बघते त्याच्याकडं."

भास्कर म्हणजे भास्करभाऊ, संघटनेचा अध्यक्ष. संस्थेच्या जव्हारच्या शाळेत कारकून. सगळ्या शाळांचे स्वयंपाकी, कामाठी, शिपाई आणि कारकून मिळून संघटनेचे बासष्ट सभासद. नऊ वर्षांपूर्वी निवडणुकीच्या वेळी भास्करभाऊ तेवढा चहा प्यायला बाहेर गेला होता, म्हणून सर्वानुमते तोच अध्यक्ष झाला. तेव्हापासून सभासदांच्या लेखी संघटना म्हणजे भास्करभाऊ. पगाराला उशीर झाला की भास्करभाऊला शिव्या, पावसाळी कोट फाटका निघाला की भास्करभाऊला शिव्या. त्या शिव्यांत गोजाबाईचा पहिला नंबर. आणि सभेला न जाण्यातही पहिलाच.

दुसऱ्या दिवशी गोजाबाईनं सुट्टी टाकली, काळीच्या मदतीला शेजारच्या दोन बायका दिल्या, कोठीतला जादा टोप डोक्यावर घेतला आणि जव्हारची एसटी गाठली.

"आजी, लग्नाला निघाला काय?" कंडक्टरनं विचारलं.

"बाराव्याला."

"कुणाच्या?"

"जव्हारला पोचल्यावर कळंल. तिकीट फाड."

कंडक्टरनं मुकाट्यानं तिकीट फाडलं. टोपाचं मात्र मागितलं नाही.

संस्थेच्या कार्यालयात ममता मॅडम सगळं कामकाज पाहत. बाई शिकलेली, शांत. गोजाबाईनं टोप टेबलावर ठेवला. टेबलावरचे कागद टोपाखाली गेले.

"म्याडम, ही एक कडी आणि ही दुसरी. मला हात किती ते बघा. आता या दोन कड्या मी एकटीनं धरायच्या, आणि झाकण दाबाया कोण येणार? तुम्ही?"

ममता मॅडमनी टोप पाहिला, गोजाबाईला पाहिलं आणि घंटी वाजवायच्या ऐवजी खुर्ची पुढं सरकवली.

"बसा गोजाबाई. मला स्वयंपाकघरातलं कळत नाही, हे मी मान्य करते. म्हणूनच मी मनानं ठरवलं नाही. संघटनेला लेखी विचारलं, एका स्वयंपाकघराला एक माणूस पुरेल का? संघटनेनं सभा घेऊन ठराव पाठवला, पुरेल. बासष्टच्या बासष्ट सभासद हजर. एकमतानं."

"कोण मेला म्हणला पुरंल? नाव सांगा!"

मॅडमनी ठरावाला जोडलेली हजेरीची प्रत काढली आणि बोट ठेवलं. सातवी ओळ. गोजाबाई. पुढं तिची सही. तिरपी, शेवटच्या ईला मोठी शेपटी असलेली. पन्नाशीत साक्षरता वर्गात बसून मोठ्या हौसेनं शिकलेली सही!

गोजाबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेंडेपाड्याच्या पोरांनी हे बघितलं असतं तर शाळेला सुट्टी मागितली असती.

"ठराव चुकला असेल तर दुसरा ठराव आणा," मॅडम म्हणाल्या. "एक तारखेच्या आत आला तर मी पत्र थांबवते. पण एकट्याचं तोंडी सांगणं मला चालणार नाही. उद्या दुसरं कुणी येऊन उलटं सांगेल."

गोजाबाई टोप घेऊन निघाली ती थेट संघटनेच्या सभागृहात. सभागृह कसलं, जुन्या शाळेची लांबडी खोली. तिथं भास्करभाऊ फायली लावत बसला होता आणि रघु शिपाई झाडू मारत होता. रघुची निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. खोलीची किल्ली त्याच्याकडं.

"भास्करा!" टोप जमिनीवर आपटला. "माझी सही कुणी केली?"

"तुम्हीच केलीत, गोजाबाई."

"मी कवा सभेला आले?"

"आलाच नाहीत. नऊ वर्षांत एकदाही नाही. खोडाळ्याच्या बाजारात, चहाच्या दुकानावर, जानेवारीत. मी म्हटलं, या महिन्याची सही करा. तुम्ही म्हणालात, बारा महिन्यांच्या एकदम घे, माझ्या मागं सारखा सारखा लागू नको. एका बैठकीत बारा पानांवर सह्या केल्यात आणि भजी खाऊन गेलात. भजी मी दिली."

हे खरं होतं. आणि एकट्या गोजाबाईचं नव्हे, सगळ्यांचंच होतं. दर वर्षी बाजारच्या दिवशी भास्करभाऊ वही घेऊन बसायचा आणि बासष्टजण वर्षभराच्या हजेऱ्या लावून मोकळे व्हायचे. भाजी घेतली, मिरची घेतली, संघटना झाली!

"बरं, सह्यांचं राहू दे. पण एक माणूस पुरंल हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

भास्करभाऊची मान खाली गेली. "मी कारकून आहे, बाई. घरी मी चहासुद्धा करत नाही. पत्र आलं, मी सभेत वाचलं. सभेला विचारलं, पुरेल का? सभा म्हणाली, पुरेल."

"सभा कोण?"

झाडू थांबला. "मी," रघु म्हणाला.

"तू?"

"हां. नऊ वर्षं सभेला दोनच माणसं. भास्करभाऊ सूचक आणि मी अनुमोदक. मला खोलीला कुलूप लावायचं असतं, म्हणून मी बसतो. भाऊ बासष्ट जणांची बिस्किटं आणतो, ती दोघं खातो, उरलेली माझी शेळी खाते. त्या दिवशी भाऊनं विचारलं, एका कामाला एक माणूस पुरतो का? माझं काम घंटा वाजवायचं, गोजाबाय. घंटेला एक पुरतो. मी म्हणलो, पुरतो."

गोजाबाई खाली सतरंजीवर बसली.

"ही हजेरी खोटी हाय," ती म्हणाली. "मी म्याडमला जाऊन सांगते."

"सांगा की," रघु म्हणाला. "कागदावर लिहून द्या, मी सभेला न येता सही केली. खाली परत सही करा." त्यानं कपाटातून वही काढली. "आणि ही ओळ बघा. अठ्ठावीस नंबर. हा अंगठा कुणाचा?"

"पोशीचा."

"पोशी कवा गेली?"

"भादव्यात. मी होते की मातीला."

"ठराव झाला मार्गशीर्षात. बघा, पोशी हजर हाय. अनुमोदनाला हाय, एकमताला हाय. गोजाबाय, मेलेली पोशी दर महिन्याला सभेला येते, आणि तुम्हा जित्या माणसांना सवड नाय!"

गोजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पोशी तिच्या माहेरची, संस्थेतच चूल सांभाळणारी. डाळीला फोडणी अशी द्यायची की वास रस्त्यापर्यंत यायचा. तिचा अंगठा त्या वहीत अजून सही देत बसला होता, आणि ज्या कामात तिचे हात झिजले त्याच कामावरून माणूस कमी करायला संमती देत होता!

"मी तुला रोज शिव्या देते, भास्करा," ती हळू म्हणाली.

"माहीत आहे. खोडाळ्याचा भाजीवाला मला सांगतो."

"तुला टोप उचलता येत नाय, ही तुझी चूक नाय. मला येतो, आणि मी सांगाया आले नाय. ही माझी हाय."

एवढं बोलून ती लगेच उठली, कारण फार वेळ नमून बसायची तिला सवय नव्हती. "आता बोल. ठराव फिरवायला काय लागतं?"

उत्तर रघुनं दिलं. सभेत वेळ काढायला भास्करभाऊ दर वेळी संघटनेची नियमावली वाचायचा, त्यामुळं रघुला ती तोंडपाठ होती. "सभासदांपैकी एक तृतीयांश माणसं. म्हणजे एकवीस. खरी. रविवारी महिन्याची सभा हाय, दुपारी बाराला."

गोजाबाई टोप तिथंच ठेवून निघाली. जाताना वाटेतली प्रत्येक शाळा आणि प्रत्येक स्वयंपाकघर तिनं घेतलं. पायात वहाण, तोंडात एकच वाक्य, "रविवारी जव्हारला यायचं."

मग तिनं काय काय ऐकलं म्हणता!

मोखाड्याचा रोहिदास कामाठी म्हणाला, "गोजाबाय, तुम्ही जाताय ना? मंग आम्ही गेल्यासारखंच. माझं पण सांगा तिथं."

"काय सांगू?"

"ते तुम्हीच ठरवा."

एकीची शेळी व्यायला झाली होती. एकीनं उशिरा उठायला रविवार राखून ठेवला होता. एकजण म्हणाला, "आमच्या शाळेत कुठं अजून पत्र आलंय? आलं की बघू." आणि एका बाईनं तर तिथल्या तिथं पेन मागितलं, "सही कुठं करू? करून देते, घेऊन जा."

गोजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलायला तोंड उघडलं की आपलंच तोंड आठवायचं. यातलं एकही वाक्य असं नव्हतं जे तिनं स्वतः भास्करभाऊला ऐकवलं नव्हतं. शेळीचंसुद्धा!

तेव्हा तिनं शिव्या देणं सोडलं आणि सरळ विचारायला लागली. "तुला टोप एकटीनं उतरवता येतो का? उतरवून दाखव." "रोहिदास, तुम्हाला पाण्याची पिंपं दोघांनी मिळून भरायला लागतात, उद्या एकच ठेवला तर?" आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं, "दोघांनी यायचं नाय. एकानं चूल सांभाळायची, एकानं यायचं. पोरं उपाशी ठेवून सभा नाय करायची."

रविवारी काळीला चुलीवर ठेवून, मदतीला शेजारच्या त्याच दोन बायका देऊन, गोजाबाई साडेअकरालाच सभागृहात हजर झाली. माणसं येत गेली. शेळीवाली आली. शेळीला दोन पिल्लं झाली, हे तिनं सभेला आधी सांगितलं. भास्करभाऊ दाराशी उभा राहून येणाऱ्याकडं असा बघत होता, जसं काही त्याच्या घरचं लग्न आहे आणि वऱ्हाड चुकून खरोखरच आलंय.

बारा वाजले. रघुनं डोकी मोजली. वीस.

पुन्हा मोजली. वीस.

"एक कमी," रघु म्हणाला. "एकवीसशिवाय ठराव नाय."

सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. एक तारीख बुधवारी होती. गोजाबाईच्या डोळ्यापुढं काळीचं ते बसणं आलं, घमेल्याजवळचं. तिनं बाहेर येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. समोरच्या टपरीवर एक माणूस निवांत चहा पीत होता. तिनं डोळे बारीक केले. जव्हारच्या वसतिगृहातल्या चार स्वयंपाक्यांपैकी एक, जिव्या! त्याची बायको भागी तर आत बसलेली.

"अरे ए जिव्या! तू हितं काय करतोस?"

"बायकोला सोडायला आलोय, गोजाबाय."

"आणि तू सभासद नाय?"

"हाय की. पण ती हाय ना आत. घरातलं एक माणूस बास. मला कोण विचारतंय तिथं?"

"मी विचारते. चहा घेऊन आत चल. नाय तर मी तुला चहासकट आणते."

जिव्या कप हातात घेऊन आत आला. एकवीस!

भास्करभाऊनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पण नऊ वर्षं मोकळ्या सतरंजीपुढं बोललेल्या माणसाला एकवीस जणांपुढं घाम फुटला. गोजाबाईनं त्याला सोडवलं. "भाषण राहू दे, भाऊ. तो टोप पाण्यानं भरलाय. एवढा इकडून तिकडं ठेव."

भास्करभाऊनं बाह्या सरसावल्या. एकदा जोर लावला. टोप हलला नाही, भास्करभाऊ हलला. दुसऱ्यांदा टोप थोडा उचलला गेला आणि अर्धं पाणी भास्करभाऊच्या पँटवर आलं. सभा हसून हसून लोळली.

"गार पाणी हाय म्हणून हसताय," गोजाबाई म्हणाली. "चुलीवरचं असतं तर?"

हसणं थांबलं. मग मात्र सगळ्यांच्या जिभा सुटल्या. बायका बोलायला लागल्या, पुरुष बोलायला लागले, दोघं एकदम, तिघं एकदम. कुणाचा हात भाजलेला, कुणाची कंबर धरलेली. एका स्वयंपाकघराला किमान दोन माणसं, हा ठराव झाला. सूचक गोजाबाई. अनुमोदन द्यायला नऊ हात वर आले. आपल्याला आज काहीच करायचं नाही हे बघून रघु जरा हिरमुसला.

"पण सूर्यमाळला माणूस तर लागणार," भास्करभाऊ म्हणाला. "मॅडम तेच विचारतील. तिथं कोण?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा मागून, कप खाली ठेवत, जिव्या बोलला.

"आम्ही दोघं जाव की."

सगळे वळले.

"आमचं घर सूर्यमाळच्या खालच्या पाड्यात. म्हातारी एकटी तिथं, उन्हाळ्यात पाणी डोक्यावर वाहते. तीन वर्षं झाली, आम्ही तिकडं जायचं म्हणतोय. आणि जव्हारच्या वसतिगृहातली सूर्यमाळकडची ऐंशी पोरं नव्या वसतिगृहात जाणार. उरलेल्यांना बाकीचे दोघं बास. मंग आम्ही हितं ऱ्हाऊन कुणाला वाढणार?"

"अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?" भास्करभाऊ जवळजवळ ओरडला.

"कुठं सांगू? सभेला मी येतच नाय."

भागीनं कपाळावर हात मारला. बघा मंडळी! मॅडमना कळत नव्हतं, अध्यक्षाला कळत नव्हतं, कागदाला तर काहीच कळत नाही. आणि उत्तर रस्त्यापलीकडं टपरीवर चहा पीत बसलं होतं!

ठराव झाले. गोजाबाई पदर खोचून उठली. तिचं काम झालं होतं आणि दोनची गाडी होती. दारापर्यंत गेली, तेवढ्यात रोहिदास बोलायला उभा राहिला, मोखाड्याच्या पिंपांचं. गोजाबाईनं गाडीच्या दिशेनं पाहिलं, रोहिदासकडं पाहिलं. आणि परत येऊन बसली. पिंपांचा तिचा काही संबंध नव्हता. पण टोपाचा तरी रोहिदासचा कुठं होता? तो आलाच होता ना!

ममता मॅडमनी सोमवारी ठराव वाचला. खाली सह्या एकवीसच होत्या, पण या वेळी प्रत्येक सहीमागं एक माणूस होतं, आणि त्यातली चौघं तर कार्यालयाच्या दारातच उभी होती. मंगळवारी दुपारी नवं पत्र शेंडेपाड्याला पोचलं. मुख्याध्यापक न खाकरताच आत आले.

"काळी इथंच राहील," त्यांनी वाचलं. "सूर्यमाळला जिव्या आणि भागी."

काळी रडायला लागली, मग हसायला लागली. "काकी, तुम्ही माझं काम वाचवलंत!"

"मी एकटीनं?" गोजाबाईनं डोळे वटारले. "वीस होतो तवर ठरावाच्या कागदाला चूल पेटवायचीसुद्धा किंमत नव्हती. माझ्या नावानं गोड बोलून सुटू नको. पुढच्या महिन्यात सभेला तू जायचंस. चूल मी बघते."

"मी? मी काय बोलू तिथं?"

"जे मला आत्ता बोलतेस तेच. पोराला घेऊन जा, पण जा. आणि आल्यावर मला सगळं सांग, कोण काय म्हणलं ते. शेळीचं सोडून."

मंडळी, संघटना म्हणजे अध्यक्ष नव्हे, वही नव्हे, सह्यांची रांगही नव्हे. आपल्या कामातलं दुखणं ज्याला माहीत आहे, त्यानं येऊन ते सांगितलं तरच संघटनेला तोंड फुटतं. तुम्ही नाही आलात तर तुमच्या वतीनं दुसरा कुणीतरी बोलेल, आणि तो बिचारा त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच बोलेल. कामगारांची संघटना असो, बचतगट असो की ग्रामसभा, पुढाऱ्याला नावं ठेवायला आपण सगळे तरबेज. ठेवा, खुशाल ठेवा. पण तो हक्क ज्याला हवा असेल, त्यानं आधी सतरंजीवर येऊन बसावं. कुणीतरी जाईलच, असं म्हणताना जरा आजूबाजूला बघा. तो कुणीतरी, तुम्ही जाल म्हणून घरी बसलाय.